जे जवळजवळ घडतच नाही ते मोजताना: दुर्मीळ ऱ्हास आणि नव्या भौतिकशास्त्राचा शोध

अपरांत (मूळ लेख)

धनभारित केऑन हा कण मोडतो, म्हणजे त्याचा ऱ्हास होतो, तेव्हा शंभरांपैकी साधारण ६४ वेळा त्यातून एक म्युऑन (इलेक्ट्रॉनाचा सुमारे दोनशे पट जड भाऊबंद) आणि एक न्यूट्रिनो (अतिशय हलका, सहसा कशालाही न अडणारा कण) बाहेर पडतो. त्याच कुळातला, विद्युतभार नसलेला दीर्घायुषी केऑन मात्र दोन म्युऑनांमध्ये मोडतो तो एक अब्जात फक्त सुमारे ७ वेळा. दोघांचे वस्तुमान जवळपास सारखे, घडणही सारखी, आणि तरीही एका वाटेवर अखंड वर्दळ तर दुसऱ्या वाटेवर शुकशुकाट. हा शुकशुकाट कशामुळे, असा प्रश्न १९६० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञांना पडला होता. त्या वेळी तीनच क्वार्क (केऑन, प्रोटॉन यांसारखे कण ज्यांचे बनतात ते मूलकण) गृहीत धरलेले होते आणि त्या तिघांच्या हिशेबाने दुसरी वाट इतकी ओस पडायला नको होती. ग्लाशो, इलिओपुलस आणि मायानी यांनी १९७० मध्ये उत्तर सुचवले की एक चौथा क्वार्क असला पाहिजे आणि त्याचा वाटा आधीच्या क्वार्कच्या वाट्याला जवळजवळ पूर्णपणे छेद देत असला पाहिजे. नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांमध्ये एकाच सुमारास तो चार्म क्वार्क सापडला. जो कण कोणी पाहिला नव्हता, त्याची चाहूल एका न घडणाऱ्या घटनेने चार वर्षे आधी दिली होती.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. कणभौतिकीबद्दल आपल्याकडे मराठीत जे लिहिले जाते त्यात मोठी यंत्रे, मोठी ऊर्जा आणि हिग्ज बोसॉन एवढेच पुन्हा पुन्हा येते, आणि नवा कण शोधायचा म्हणजे अधिक जोराने टक्कर घडवायची, अशी वाचकाची समजूत होते. ती समजूत चुकीची नाही, पण अर्धी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाविषयी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये (एलएचसी) २०२२ पासून १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या टकरी होत आल्या आहेत. एखादा कण त्या ऊर्जेच्या मानाने फारच जड असेल, तर तो तिथे प्रत्यक्ष जन्म घेऊ शकत नाही. पण पुंजयामिकीच्या नियमांनुसार एखादा हलका कण मोडत असताना अतिशय जड कणही त्या प्रक्रियेत क्षणभर डोकावून जातात. ते डिटेक्टरपर्यंत कधीच पोहोचत नाहीत, मात्र त्यांच्या डोकावण्याने मोडण्याचे प्रमाण बदलते. हा बदल अतिसूक्ष्म असतो. जी प्रक्रिया मुळातच सर्रास घडते, तिच्यात तो बुडून जातो. म्हणून शोधायचे कुठे, तर स्टँडर्ड मॉडेलच्या, म्हणजे मूलकणांविषयीच्या आजच्या मान्य सिद्धांताच्या, ज्ञात नियमांनी ज्या वाटा जवळजवळ बंद करून टाकल्या आहेत, तिथे. संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर कोणाची पावले वाजली हे सांगता येणार नाही, परंतु रात्री अडीच वाजता, शेवटची गाडी गेलेली असताना आणि पहिली सुटायला अवकाश असताना, त्याच पुलावर अनवाणी माणूस चालला तरी ऐकू येईल.

या शांत पुलांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बी-एस मेसॉनचे दोन म्युऑनांत मोडणे. बी-एस हा बॉटम प्रतिक्वार्क आणि स्ट्रेंज क्वार्क यांचा मिळून झालेला कण आहे; क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या अशा कणाला मेसॉन म्हणतात. तो दोन म्युऑनांत मोडण्याचे प्रमाण स्टँडर्ड मॉडेलनुसार एक अब्जात सुमारे ३.७ येते, म्हणजे साधारण २७ कोटींत एक. हा आकडा मनात बसावा म्हणून मी वर्गात एक हिशेब मांडतो. मुंबईच्या लोकलमधून रोज साधारण सत्तर लाख प्रवासी जातात असे धरले, तर पश्चिम, मध्य आणि हार्बर अशा सगळ्या मार्गांवरच्या प्रवाशांमधून चाळीसेक दिवसांत एकच प्रवासी आपल्याला हवा आहे, आणि तो चुकता कामा नये.

हे प्रमाण इतके कमी होण्याची तीन कारणे एकावर एक रचलेली आहेत. बॉटम क्वार्कला थेट स्ट्रेंज क्वार्कमध्ये बदलायला स्टँडर्ड मॉडेलमध्ये परवानगी नाही, त्यामुळे टॉप क्वार्क आणि डब्ल्यू बोसॉन यांच्यामधून वळसा घालून जावे लागते. त्या वळशावर क्वार्कांच्या पिढ्या (क्वार्कांच्या जोड्यांचे तीन गट) ओलांडण्याची किंमत द्यावी लागते. आणि शेवटी म्युऑनांच्या फिरकीची (स्पिनची) अडचण येते, ज्यामुळे उरलेली शक्यताही कित्येक पटींनी घटते. महासममितीसारख्या (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असतो असे मानणाऱ्या) काही सिद्धांतांमध्ये या अडचणी टाळता येतात, आणि त्यांच्या काही रूपांत हे प्रमाण दसपट किंवा त्याहूनही वाढू शकले असते. त्यामुळेच या एका आकड्याकडे जगभरातल्या लोकांचे डोळे लागून राहिले होते.

बी मेसॉन दोन म्युऑनांत मोडतो का, याचा शोध अमेरिकेतल्या क्लिओ प्रयोगाने १९८४ मध्ये सुरू केला. पुढे अमेरिकेतल्याच फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या टेव्हाट्रॉन कोलायडरवरच्या दोन्ही प्रयोगांनी तो चालवला आणि दर वेळी 'याहून जास्त नाही' अशी मर्यादा खाली खाली सरकत गेली. नोव्हेंबर २०१२ मध्ये एलएचसीवरच्या एलएचसीबी प्रयोगाने पहिला पुरावा मांडला. एलएचसीवरचाच सीएमएस आणि एलएचसीबी या दोन प्रयोगांनी आपली विदा एकत्र करून २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यातला आकडा एक अब्जात २.८ होता. सीएमएसचे २०२२ मधले मापन ३.८ च्या आसपास आहे आणि त्यातील अनिश्चितता दहा टक्क्यांच्या आसपास आली आहे. म्हणजे मोजमाप आणि भाकीत जुळले.

हे जुळले तेव्हा वर्तमानपत्रांत 'नवे काही सापडले नाही' असा सूर होता, आणि त्या सुराशी मी सहमत नाही. तीस वर्षांच्या मेहनतीने त्या पुलावर कोण चालत नाही हे कळले, आणि ज्या सिद्धांतांनी तिथे मोठी पावले वाजतील असे सांगितले होते, त्यांचा मोठा प्रदेश त्या एका आकड्याने पुसला गेला. जाणकारांनी यात भर घालावी आणि माझे काही चुकले असेल तर दुरुस्त करावे.

शिवडीकर

लेख आवडला. मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो, आणि आमच्याकडे एक दशलक्षांश भागातली अशुद्धी शोधतानाही उपकरणाचा स्वतःचा गोंगाट, नमुना घेतानाची चूक आणि भांड्याला चिकटलेले जुने अंश यांतच अर्धा दिवस जातो. त्यामुळे माझी शंका अगदी व्यावहारिक आहे. २७ कोटींत एक अशी घटना मोजायची, तर आधी २७ कोटी बी-एस तयार झाले हे कसे मोजले? आणि जे दोन म्युऑन दिसले ते खरोखर एकाच बी-एसचे होते, इतर कुठले भरकटलेले नव्हते, याची खात्री कशी देता येते?

दवबिंदू

शिवडीकर, तुमचे दोन्ही प्रश्न या विषयाच्या थेट गाभ्याचे आहेत. मी काही वर्षे बी मेसॉनच्या विश्लेषणात संशोधन विद्यार्थी म्हणून काम केले आहे, आता क्षेत्र बदलले आहे, तरी सांगण्याचा प्रयत्न करतो.

बी-एस किती तयार झाले हे थेट कोणीच मोजत नाही. त्याऐवजी एक ओळखीचा, भरपूर घडणारा ऱ्हास सोबतीला घेतात. धनभारित बी मेसॉन जे-साय (चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांचा मेसॉन) आणि केऑन यांत मोडतो, आणि ते जे-साय पुढे दोन म्युऑनांत मोडते. ही सगळी साखळी एक लाखात सुमारे ६ वेळा घडते आणि तिचे प्रमाण इतर प्रयोगांनी नीट मोजलेले आहे. तिच्यातही दोन म्युऑन असतातच, त्यामुळे डिटेक्टरच्या आणि निवडीच्या बऱ्याच त्रुटी दोन्हीकडे सारख्या राहतात आणि भागाकार केल्यावर निघून जातात. तुमच्या प्रयोगशाळेत अज्ञात नमुन्याबरोबर ज्ञात प्रमाणाचा नमुना चालवतात, तसेच हे आहे. फक्त एक गोष्ट या भागाकाराने जात नाही. टकरीतून बी-एस आणि धनभारित बी हे कोणत्या प्रमाणात जन्मतात हे वेगळे माहीत असावे लागते, आणि ते साधारण एकास चार असे आहे. या गुणोत्तरातली अनिश्चितता शेवटच्या उत्तरात उतरते आणि तिथेच बरीच डोकेफोड होते.

आता भरकटलेल्या म्युऑनांविषयी. एलएचसीमध्ये प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. एवढे सगळे साठवणे अशक्य आहे, म्हणून सीएमएसमध्ये पहिल्या टप्प्यावर सेकंदाला सुमारे एक लाख घटना ठेवतात आणि दुसऱ्या टप्प्यानंतर काही हजारच उरतात. ही चाळणी क्षणार्धात निर्णय घेते आणि तिने फेकलेले परत मिळत नाही. दुर्मीळ ऱ्हास शोधणाऱ्यांची पहिली लढाई तिथेच होते, कारण चाळणी फार घट्ट केली तर हवे तेही जाते आणि सैल ठेवली तर संगणक तुंबतात.

उरलेल्या घटनांत ओळख पटवायला मुख्यतः दोन खुणा उपयोगी पडतात. बी-एसचे सरासरी आयुष्य दीड पिकोसेकंद असते, पण तो प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावत असल्याने मोडण्याआधी काही मिलिमीटर जातो. त्यामुळे दोन्ही म्युऑनांच्या रेषा टकरीच्या जागेपासून जराशा दूर एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. दुसरी खूण वस्तुमानाची. दोन्ही म्युऑनांचे संवेग मोजून मूळ कणाचे वस्तुमान काढले की ते ५.३७ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ यायला हवे. दोन वेगवेगळ्या बी कणांतून आलेले म्युऑन योगायोगाने जोडीला लागले, तर त्यांचे वस्तुमान कुठेही पडते आणि आलेखात सपाट पसरते. पण खरा त्रास वेगळाच आहे. बी मेसॉन दोन केऑन किंवा पायऑन (केऑनाहून हलका मेसॉन) यांत मोडला आणि ते दोघेही म्युऑन म्हणून चुकीचे ओळखले गेले, तर हव्या त्या शिखराच्या अगदी शेजारी खोटा उंचवटा दिसू शकतो. केऑन वाटेतच मोडून म्युऑन देतो, त्यामुळे ही चूक पूर्णपणे टाळता येत नाही. तिचे प्रमाण ज्ञात ऱ्हासांवरून मोजावे लागते आणि माझ्या मते विश्लेषणातला सर्वाधिक वेळ याच कामाला जातो.

आणखी एक शिस्त सांगायला हवी. निवडीचे सगळे निकष ठरेपर्यंत शिखर जिथे अपेक्षित आहे तो वस्तुमानाचा पट्टा झाकून ठेवतात. ज्याने महिनोन्महिने काम केले त्यालाही तो पाहता येत नाही. निकष गोठवले, आतील समीक्षकांनी मान्य केले, की मग झाकण उघडतात. उघडण्याच्या आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती.

ओवळे फाटा

लेख आणि वरील प्रतिसाद वाचले. माहिती उत्तम आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. मापन भाकिताशी जुळले की 'प्रदेश पुसला गेला' म्हणायचे आणि जुळले नाही की 'नवे भौतिकशास्त्र' म्हणायचे, तर या पद्धतीला अपयश कधी येणारच नाही. शिवाय, एखादे मापन भाकितापासून हटलेच, तरी त्यामागे नेमका कोणता कण आहे हे त्यातून कळत नाही. मग प्रत्यक्ष कण घडवून दाखवण्याचा मार्गच अधिक भरवशाचा नाही का?

अपरांत

आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. विचलन दिसले तर ते कोणत्या कणामुळे, हे एका मापनातून सांगता येत नाही. चार्मच्या बाबतीतही शेवटचा शिक्का १९७४ मधल्या प्रत्यक्ष निरीक्षणानेच बसला. तरी त्याआधी, त्याच वर्षी, गेलार्ड आणि ली यांनी केऑनांच्या मापनांवरून चार्मचे वस्तुमान कुठवर असू शकेल याचा अंदाज बांधला होता. टॉप क्वार्कच्या बाबतीतही तसेच झाले. जर्मनीतल्या आर्गस प्रयोगाने १९८७ मध्ये बी मेसॉन आणि त्याचा प्रतिकण एकमेकांत किती सहज बदलतात हे मोजले, आणि तेव्हाच लक्षात आले की टॉप पूर्वी वाटत होता त्याहून बराच जड असणार. तो प्रत्यक्ष सापडला १९९५ मध्ये. दोन्ही मार्ग एकमेकांना दिशा दाखवतात, म्हणून त्यांतला एक निवडावा असे मला वाटत नाही.

पहिल्या भागाविषयी मात्र मला माझा अनुभव सांगावा लागेल. मार्च २०२१ मध्ये एलएचसीबीने एक गुणोत्तर जाहीर केले. बी मेसॉन केऑन आणि दोन म्युऑन यांत किती वेळा मोडतो, आणि केऑन व दोन इलेक्ट्रॉन यांत किती वेळा, यांचे ते गुणोत्तर होते. स्टँडर्ड मॉडेलमध्ये दुर्बल आंतरक्रिया इलेक्ट्रॉन आणि म्युऑन यांना सारखेच वागवते, म्हणून ते जवळपास १ यायला हवे. आले ०.८४६, आणि भाकितापासूनचे अंतर ३.१ सिग्मा होते (सिग्मा म्हणजे मापनातल्या अनिश्चिततेचे एकक; शोध म्हणायला सहसा ५ लागतात). याआधी २०१४ मध्ये त्याच दिशेने झुकलेले मापन आलेले असल्याने हे योगायोग नसावे असे पुष्कळांना वाटले, मलाही वाटले. टाळेबंदीतले वर्ग पडद्यावर चालत होते. मी त्या आठवड्यात अभ्यासक्रम बाजूला ठेवून दीड तास हेच शिकवले, आणि शेवटी विद्यार्थ्यांना सांगितले की कदाचित तुम्ही अशा वर्षी भौतिकशास्त्र शिकत आहात ज्याचा पुढे उल्लेख होईल.

डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटाने अधिक काळजीपूर्वक केलेले विश्लेषण प्रसिद्ध केले आणि गुणोत्तर १ च्या जवळ आले. झाले होते असे की काही पायऑन आणि केऑन इलेक्ट्रॉन म्हणून मोजले जात होते, आणि त्यांचा वाटा पूर्वी कमी धरला गेला होता. म्हणजे दवबिंदू यांनी वर ज्या खोट्या उंचवट्याविषयी लिहिले, त्याचाच इलेक्ट्रॉनांच्या बाजूचा हा प्रकार होता. आधीच्या निकालातली उणीव त्याच लोकांनी शोधली, त्याच लोकांनी सर्वांसमोर मांडली, आणि आपल्या सर्वांत गाजलेल्या निकालावर स्वतःच्या हाताने रेघ मारली. ती तुकडी एव्हाना बारावी उत्तीर्ण होऊन पांगली होती. मी जितक्यांचे क्रमांक माझ्याकडे होते तितक्यांना एक लांब संदेश लिहिला आणि नेमके काय बदलले, का बदलले, हे आकड्यांसह कळवले. काहींनी उत्तरादाखल आभार मानले, एकीने विचारले की आता उरलेल्या विसंगतींचे काय. या पद्धतीला अपयश येत नाही असे तुम्ही म्हणता, म्हणून हे सांगितले. तिला अपयश येते, ते आठ वर्षे जपलेल्या आशेचे असते, आणि तेही तिच्याच नियमांनी जाहीर करावे लागते.

दवबिंदू

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न योग्य होता, कारण सगळ्या विसंगती मिटलेल्या नाहीत. बी मेसॉन उत्तेजित केऑन आणि दोन म्युऑन यांत मोडतो, तेव्हा बाहेर पडणाऱ्या कणांमधल्या कोनांचे वितरण मोजता येते. त्या वितरणातली पी-फाइव्ह-प्राइम नावाची राशी २०१३ पासून भाकिताशी नीट बसत नाही, आणि सीएमएसच्या अलीकडच्या विश्लेषणातही तसाच ताण दिसला आहे. इथे इलेक्ट्रॉन ओळखण्याची भानगड नाही, त्यामुळे आधीची चूक इथे लागू होत नाही. अडचण सिद्धांताच्या बाजूला आहे. त्या ऱ्हासात चार्म क्वार्कची जोडी मध्येच निर्माण होऊन विरते, आणि तिचा परिणाम क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबल आंतरक्रियेमुळे नेमका काढता येत नाही. काहींच्या मते हा सगळा ताण चार्मचाच आहे, काहींच्या मते तेवढ्याने तो भागत नाही. मी स्वतः पहिल्या बाजूला झुकतो, परंतु पैज लावण्याइतका नाही.

बी-एस ते दोन म्युऑन हा ऱ्हास म्हणूनच इतका मोलाचा आहे. त्याच्या अंती फक्त म्युऑन उरतात, प्रबल आंतरक्रियेचा सगळा गुंता एका संख्येत सामावतो, आणि ती संख्या संगणकीय गणनेने फार अचूक काढता येते. प्रमाण कमी असणे पुरेसे नाही, भाकीतही स्वच्छ असावे लागते. नाहीतर पुलावर शांतता असूनही वाऱ्याचा आवाज कोणता आणि पावलांचा कोणता हे कळत नाही.

स्वच्छ भाकिताचे दुसरे उदाहरण म्हणजे बी मेसॉनचे केऑन आणि दोन न्यूट्रिनो यांत मोडणे. न्यूट्रिनो डिटेक्टरमध्ये दिसत नाहीत, म्हणून प्रोटॉनांच्या टकरीतल्या कल्लोळात हा शोध जवळजवळ अशक्य आहे. जपानमधल्या त्सुकुबा येथे सुपरकेईकेबी यंत्रात ७ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि ४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे पॉझिट्रॉन आदळतात आणि अगदी दोनच बी मेसॉन जन्मतात. सुरुवातीची ऊर्जा पक्की माहीत असल्याने हरवलेल्या ऊर्जेचा हिशेब मांडता येतो. तिथल्या बेल-दोन प्रयोगाने २०२३ मध्ये या ऱ्हासाचा पहिला पुरावा दिला, आणि त्याचे प्रमाण एक लाखात सुमारे २.३ निघाले, जे भाकिताच्या जवळपास चौपट आहे. अंतर २.७ सिग्मा आहे, म्हणजे थांबून पाहण्याजोगे, त्याहून अधिक काही म्हणण्याजोगे नाही. मुंबईकरांना आवडेल अशी एक गोष्ट: त्या प्रयोगाच्या केंद्राजवळ जो सिलिकॉनचा शोधक आहे, त्याच्या एका थराची जबाबदारी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने पेलली आहे.

गणिताच्या बाई

तुमचे सगळ्यांचे लेखन वाचताना मला एक जुना प्रयत्न आठवला. दुर्मीळ ऱ्हासाच्या शोधात मुंबईच्या लोकांनी कोलायडरच्या आधी जमिनीखाली उतरून पाहिले होते. टाटा संस्थेच्या गटाने कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, जपानी सहकाऱ्यांसोबत १९८० च्या दशकात प्रोटॉन मोडतो का हे तपासणारा प्रयोग केला. त्याच खाणीत १९६५ मध्ये वातावरणातून आलेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली होती, आणि ती जगातल्या पहिल्या नोंदींपैकी आहे. प्रोटॉनच्या प्रयोगात काही घटना ऱ्हासासारख्या दिसल्या आणि तसे गटाने प्रामाणिकपणे मांडलेही, परंतु इतर देशांतल्या मोठ्या प्रयोगांना तसे काही आढळले नाही. आज जपानच्या सुपर-कामियोकांडेने एका प्रकारच्या ऱ्हासासाठी प्रोटॉनचे आयुष्य १०च्या ३४व्या घाताइतक्या वर्षांच्या पुढे नेऊन ठेवले आहे.

मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होते आणि या प्रयोगाविषयी एका सार्वजनिक व्याख्यानात ऐकले होते. वक्त्याने सांगितले की एका प्रोटॉनकडे विश्वाच्या वयाच्या अब्जावधी पट वेळ पाहत बसता येत नाही, म्हणून शेकडो टन लोखंडातले असंख्य प्रोटॉन घेऊन काही वर्षे पाहतात. हे वाक्य मी पुढे संभाव्यता शिकवताना दरवर्षी वापरले. अपरांत, तुम्ही लोकलचे जे उदाहरण दिले तेही त्याच जातीचे आहे. वेळ वाढवता येत नसेल तर संख्या वाढवायची.

अपरांत

बाई, ही आठवण लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कोलारचा प्रयोग मला मूळ लेखात घ्यायचा होता, पण कोलायडरपासून दूर जाऊ नये म्हणून गाळला होता. तुम्ही तो योग्य जागी आणलात. त्या गटाने खाणीत कमावलेली डिटेक्टर बांधणीची परंपरा पुढे जिनिव्हापर्यंत गेली आहे. सीएमएसच्या प्रचंड चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर कॅलरीमापकाचा एक थर आहे, जो आतून निसटलेली हॅड्रॉनांची ऊर्जा टिपतो. त्यातल्या प्रकाशमान फरशा टाटा संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांच्या गटांनी बनवल्या.

चर्नी रोड

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते आहे. मूळ लेखात म्युऑनांच्या फिरकीच्या अडचणीचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, तो समजला नाही. आणि इलेक्ट्रॉन म्युऑनपेक्षा हलका आहे, तर बी-एस इलेक्ट्रॉनांत अधिक सहज मोडायला हवा ना? दुसरे असे की, बी-एसप्रमाणे साधा विद्युतभाररहित बी मेसॉनही दोन म्युऑनांत मोडत असेल. त्याचे भाकीत एक अब्जात ०.१ असे मला वाचायला मिळाले. म्हणजे बी-एसच्या ३५ घटनांमागे त्याची एक घटना दिसली पाहिजे, हा हिशेब बरोबर आहे का?

दवबिंदू

पहिला प्रश्न फार सुंदर आहे. बी-एसला फिरकी नसते. तो स्थिर असताना मोडला, तर दोन म्युऑन एकमेकांच्या विरुद्ध दिशांना जातात आणि त्यांच्या फिरकींची बेरीज शून्य व्हायला हवी. दिशा विरुद्ध आणि फिरकीही विरुद्ध, म्हणजे स्वतःच्या गतीच्या संदर्भात पाहिले तर दोघेही एकाच बाजूला फिरणारे, दोघेही डावरे किंवा दोघेही उजवे. पण ही आंतरक्रिया म्युऑन डावरा देत असेल तर प्रतिम्युऑन उजवाच देते, आणि म्युऑन उजवा देत असेल तर प्रतिम्युऑन डावरा. म्हणून दोघांपैकी एकाला नको त्या बाजूने फिरावे लागते. वस्तुमान शून्य असते तर हे कधीच झाले नसते. वस्तुमान असल्यामुळे थोडी सवलत मिळते, आणि ही सवलत वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्युऑन बी-एसच्या मानाने फार हलका म्हणून त्याला सवलत कमी, आणि इलेक्ट्रॉन म्युऑनाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका हलका म्हणून त्याचे प्रमाण आणखी चाळीस हजार पटींनी खाली जाते. टाऊ हा त्याच कुळातला तिसरा कण जड असल्याने त्याचे प्रमाण म्युऑनाहून दोनशे पटींनी अधिक आहे, परंतु टाऊ लगेच मोडतो आणि न्यूट्रिनो घेऊन पळतो, त्यामुळे तो हाती लागत नाही. अदिश प्रकारचा, म्हणजे स्वतःला फिरकी नसलेला, एखादा नवा जड कण मध्ये असेल, तर हे फिरकीचे बंधन त्याला लागू होत नाही. महासममितीच्या काही रूपांत प्रमाण इतके वाढते ते याच कारणाने.

दुसऱ्या प्रश्नातला भागाकार बरोबर आहे, पण एक पायरी राहिली. मी शिवडीकरांना लिहिले तसे, टकरीत बी-एस कमी जन्मतो. साधा बी मेसॉन त्याच्या सुमारे चौपट संख्येने तयार होतो. म्हणून ३५ ला ४ ने भागा. दिसणाऱ्या घटनांमध्ये गुणोत्तर साधारण नवास एक पडते.

चर्नी रोड

म्हणजे आजवर बी-एसच्या काहीशे घटना हाती आल्या असतील, तर साध्या बी मेसॉनच्या काही डझन घटना त्याच विदेत असायला हव्यात. तरीही त्याचे निरीक्षण अजून जाहीर झालेले नाही. ते का?

दवबिंदू

कारण त्याचे शिखर ५.२८ वर येते आणि बी-एसचे ५.३७ वर. दोघांत फक्त ८७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे अंतर आहे, आणि वस्तुमान मोजताना शिखरे पसरट होतात, त्यामुळे लहान शिखर मोठ्याच्या उतारावर टेकलेले असते. वर, केऑन आणि पायऑन म्युऑन म्हणून चुकीचे ओळखले गेले की तो खोटा उंचवटा नेमका त्याच खालच्या बाजूला येतो. म्हणून तिथे काही डझन घटना असूनही त्या सिद्ध करता येत नाहीत. एलएचसीची उच्च दीप्तीची, म्हणजे कितीतरी अधिक टकरी देणारी, आवृत्ती २०३० च्या सुमारास सुरू व्हायची आहे आणि सीएमएसमध्ये त्यासाठी नवा मार्गशोधक (कणांच्या रेषा टिपणारा भाग) बसणार आहे, ज्याने शिखरे अरुंद होतील.

आणि हे गुणोत्तर हवे कशाला, तेही लिहितो. स्टँडर्ड मॉडेलमध्ये ते मुख्यतः क्वार्कांच्या पिढ्यांमधल्या दोन संख्यांवर ठरते आणि बाकीचे बरेचसे अज्ञात भागाकारात निघून जाते. नवा कण असेलही आणि तो पिढ्यांच्या बाबतीत तेच नियम पाळत असेल, तर दोन्ही प्रमाणे एकत्र वरखाली होतील आणि गुणोत्तर जागचे हलणार नाही. तो ते नियम पाळत नसेल, तर बी-एस एकटा पाहून ते कळणार नाही, पण गुणोत्तर हलेल.

चर्नी रोड

समजले. बी-एसच्या २०० घटना धरून, शिखराची रुंदी आधी ४५ आणि मग ३० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन दोन्ही शिखरे किती मिसळतात ते आज काढून पाहते. खोटा उंचवटा सध्या गाळते. उत्तर आले की आलेखासह इथेच टाकीन, तपासून द्यावे.

शिवडीकर

खोटा उंचवटा गाळू नका, असे सुचवतो. अंदाजे का होईना, घ्या. आमच्याकडे जे नंतर पाहू म्हणून ठेवतो, तेच नेमके राहून जाते.